उजेड इथे!

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसात कुणी "वीकएंडला काय?" असं विचारलं आणि मी "अलिबाग" म्हटलं, की समोरच्याच्या डोळ्यांपुढे लगेच रिसॉर्ट, स्विमिंग पूल आणि बार्बेक्यू! मग मला खुलासा करावा लागतो. "अलिबाग नाही गं, त्याच्या पुढे. चौल." "ते कुठे आलं?" हा पुढचा प्रश्न ठरलेला.

तर मंडळी, चौल. अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागायचं. आक्षी गेलं, नागाव गेलं, की नारळ-सुपारीच्या वाड्या दोन्ही बाजूंनी इतक्या जवळ येतात की भर दुपारी गाडीचे हेडलाइट लावावेसे वाटतात. रस्ता एवढासा. समोरून एसटी आली की एकाने कुणाच्या तरी वाडीच्या गडग्याला आरसा घासून थांबायचं. अष्टागरातला हा जुना पट्टा. एके काळी मुंबई म्हणजे सात बेटं आणि चिखल होती, तेव्हा चौल जगाच्या नकाशावर होतं. टॉलेमीच्या भूगोलात ते आहे. दहाव्या शतकात अल-मसुदी हा अरब प्रवासी इथे येऊन गेला. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी घोडा घेऊन इथेच उतरला. १५०८ मध्ये इथल्या समुद्रात पोर्तुगीज आरमाराची इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराशी लढाई झाली आणि त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. पुढे बंदर मागे पडलं, व्यापार मुंबईला गेला. माझे बाबाही गेले. फरक इतकाच, की रिटायर झाल्यावर ते परत आले. आई, दोन मांजरं आणि एक प्रीमियर पद्मिनी घेऊन.

या वेळी मी जात होते ती त्या पद्मिनीसाठीच. तिला निरोप द्यायला.

एक गाडी, दोन पिढ्या

पद्मिनी म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून बंद झाली, तेव्हा सगळ्यांनी स्टेटसला काळ्यापिवळ्या गाडीचे फोटो टाकले होते. ती हीच. १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० डिलाइट बनायची, तिला १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळालं. इंजिन १०८९ सीसी, सिलिंडर चार, गिअरची दांडी स्टिअरिंगखाली. आमची १९८७ ची. बाबांनी ती १९९५ मध्ये सेकंडहँड घेतली. मला आठवतं तसं त्या गाडीत माझी एक फिक्स सीट होती आणि एक फिक्स ड्यूटी. सीट मागची, खिडकीजवळची. ड्यूटी टॉर्च धरायची.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी जुनी गाडी किंवा स्कूटर होती, त्यांना ही ड्यूटी माहीत असेल. बाप बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेला. आपण स्टुलावर. हातात टॉर्च. पाचव्या मिनिटाला आपलं लक्ष रस्त्यावरच्या कुत्र्याकडे जातं, उजेडाचा गोळा रेडिएटरवरून घसरतो आणि आतून आवाज येतो, "अगं, उजेड इथे! इथे!" माझ्या मते भारतातल्या निम्म्या मुलांनी पहिली ओरडणी याच कारणासाठी खाल्ली असणार.

मे महिन्यात चौलला येताना कार्लेखिंडीत गाडी हमखास आचके द्यायची. उन्हात पंप तापायचा, पाइपमध्ये पेट्रोलची वाफ व्हायची आणि इंजिनाला पेट्रोल पोचायचंच नाही. उपाय? आईचा नॅपकिन पाण्यात बुडवून पंपावर टाकायचा. दहा मिनिटं करवंदं खायची. की गाडी सुरू! कॉलमवरचा गिअर अडकला, तर बॉनेट उघडून खालची दांडी हाताने हलवायची. सकाळी गाडी खोकत असेल, तर डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढून पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे आणि मधली फट नीट लावायची. ही फट अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असते. मापायची पट्टी नसेल, तर बाबा खिशातलं जाडसर व्हिजिटिंग कार्ड काढायचे. त्यांच्या साहेबाचं कार्ड त्या कामासाठी एकदम परफेक्ट होतं. बढतीसाठी त्याचा कधी उपयोग झाला नाही, गाडीसाठी मात्र झाला.

सगळा फंडा साधा होता. गाडी चालायला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल, हवा आणि योग्य वेळी ठिणगी. पद्मिनीत या तिन्ही गोष्टी डोळ्यांना दिसतात. पेट्रोल आणि हवा कार्ब्युरेटरमध्ये मिसळतात, ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्यूटर ठरवतो. काही बिघडलं की एकेक तपासत जायचं. पाना, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, पॉलिश पेपर आणि तारेचा तुकडा. बाबांचा सगळा वर्कशॉप पार्ले बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मावायचा.

आणि आता ती विकायची, नाही, भंगारात द्यायची, असं ठरलं होतं. नोंदणी नव्याने करायची तारीख जवळ आलेली. वीस वर्षांवरच्या गाड्यांची ही फी केंद्र सरकारने २०२५ मध्ये चांगलीच वाढवलीय. त्यात बाबा बहात्तर वर्षांचे. मी फोनवर वादाची सगळी तयारी केली होती. मुद्दे एक्सेलमध्ये मांडले होते, खोटं नाही सांगत! पण बाबा एका वाक्यात म्हणाले, "दे टाकून. दिवाळीपासून उभीच आहे."

मला आनंद व्हायला हवा होता. पण माझे बाबा एवढ्या पटकन कधी कशाला "हो" म्हणत नाहीत.

शनिवार : रेवदंड्याच्या वेशीत

२०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झालीय, त्यामुळे आपली गाडी बोटीत घालायची, वर डेकवर चहा प्यायचा आणि तासाभरात पलीकडे. वडखळच्या ट्रॅफिकला टाटा. माझी गाडी तीन वर्षांची. बटण दाबलं की सुरू, रिव्हर्सला कॅमेरा, पाऊस पडला की वायपर आपोआप. तीन वर्षांत मी तिचं बॉनेट दोनदाच उघडलं होतं. दोन्ही वेळा वायपरचं पाणी भरायला.

घरी पोचले तर पद्मिनी पडवीच्या बाजूला, ताडपत्रीखाली. बाबा म्हणाले, "शेवटची एक चक्कर मारू. रामेश्वराला जाऊ, मग रेवदंडा." बॅटरीला आदल्या रात्रीपासून चार्जर लावून ठेवला होता. चोक ओढला, दोन वेळा खाकरली आणि सुरू झाली. आई दारातून म्हणाली, "मेलीला कळलंय, आज शेवट आहे म्हणून शहाण्यासारखी वागतेय."

रामेश्वराचं देऊळ म्हणजे चौलचं काळीज. समोर पायऱ्या-पायऱ्यांची मोठी पुष्करणी, पाण्यात माडांची उलटी रांग. सभामंडपात जमिनीखाली तीन कुंडं आहेत. अग्निकुंड, वायुकुंड आणि पर्जन्यकुंड. ती एरवी बंद असतात. पाऊस फारच रुसला, तर गावाने मिळून पर्जन्यकुंड उघडायचं, अशी प्रथा. बाबा तिथे उभं राहून म्हणाले, "हे बघ, तुझ्या गाडीसारखं. सगळं सीलबंद. उघडायला आधी मीटिंग."

"आणि तुमची?"

"माझी म्हणजे पुष्करणी. कुणीही उतरावं, हातपाय धुवावेत."

तिथून रेवदंडा. पोर्तुगीजांचा किल्ला इथे गावाभोवती आहे, म्हणजे रस्ता चक्क तटबंदी फोडूनच आत शिरतो. तटाच्या पोटात माडांच्या वाड्या, घरं, चर्चचे अवशेष, सातखणी मनोऱ्याचे उरलेले मजले. बरोब्बर त्या तटाजवळ मला पेट्रोलचा वास आला. बाबांनाही आला. त्यांनी लगेच गाडी कडेला घेऊन बंद केली.

बॉनेट उघडलं. पंपाकडून कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या रबरी पाइपच्या टोकाला केसाएवढी चीर आणि तिथून थेंब थेंब पेट्रोल. पाइप आम्हीच काही वर्षांपूर्वी बाजारातून आणून बसवलेला. रबर म्हातारं होतंच. त्यात आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही. ते कडक तरी होतं नाही तर फुगतं तरी. जुनी गाडी बाळगणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं. सगळे रबरी पाइप एकदा बदलून इथेनॉल चालणारे घालून घ्या. पेट्रोलच्या वासाकडे दुर्लक्ष म्हणजे थेट आगीला आमंत्रण.

एक गंमत सांगते. पद्मिनी बंद पडली की माणसं जमतात. पाच मिनिटांत एक कोळी काका, एक सुपारीवाले आजोबा, क्रिकेटच्या बॅटी घेतलेली चार पोरं आणि एक टेम्पो ड्रायव्हर. प्रत्येकाचं मत वेगळं. "माझ्या मामाकडे होती" हे वाक्य तिघांनी म्हटलं. कुणी विडी पेटवणार तेवढ्यात आजोबांनीच त्याला लांब पिटाळलं.

इंजिन गार होऊ दिलं. उपाय सोपा होता. क्लॅम्प सैल करायचा, पाइपचं चिरलेलं टोक इंचभर कापायचं, उरलेला पाइप पुन्हा दाबून बसवायचा, क्लॅम्प कसायचा. हे बाबा डोळे मिटून करतात. पण त्यांनी डबा उघडला, स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि माझ्या हातात दिला.

"तू कस. मला चष्म्यातून नीट दिसत नाहीये."

मी कसला. आयुष्यात पहिल्यांदा. दोनदा स्क्रू-ड्रायव्हर घसरला, तिसऱ्यांदा खाचेत बसला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. गाडी सुरू झाली आणि मी इतकी खूश, की परतताना एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही. चष्मा बाबांनी मागच्याच महिन्यात नवीन केला होता.

रात्र पोपटीची

जानेवारीत रायगडात असाल आणि पोपटी खाल्ली नाहीत, तर तुमची ट्रिप फुकट. मातीचं मडकं, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, चिकन, ओवा-मीठ. तळाला आणि तोंडाला भांबुर्डीचा पाला कोंबायचा, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा-गोवऱ्या पेटवायच्या. पाण्याचा थेंबही घालत नाहीत. शेजारच्या वाडीत रात्री अकरापर्यंत पोपटी चालली.

शेकोटीजवळ गाड्यांचाच विषय. शेजारचे काका म्हणाले, "आमच्या आजोबांच्या वेळी विहिरीवर रहाट होता. बैल फिरायचा, गाडगी भरून वर यायची. एखादं गाडगं फुटलं, तर तेवढंच बदलायचं. आता पंप आहे. बटण दाबलं की पाणी. जळला, की अलिबागहून माणूस येईपर्यंत वाडी कोरडी."

"पण काका, रोज रहाट फिरवाल का?" मी विचारलं.

"वेडी की काय! पंप तो पंप."

सगळे हसले. तुम्हीही प्रामाणिकपणे उत्तर द्या. रोज सकाळी चोक ओढून, पॉइंट घासून ऑफिस गाठाल? मी तरी नाही. पद्मिनीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. आपल्याकडे नव्या गाडीत एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली तीच २०१९ मध्ये. अपघातात जीव वाचवणं पान्याच्या हातात नसतं. धुराचंही तेच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. इंजिनात किती पेट्रोल जावं, ठिणगी कधी पडावी, हे एक कॉम्प्युटर दर सेकंदाला कितीतरी वेळा सेन्सर वाचून ठरवतो. कार्ब्युरेटरला हे जमलंच नसतं. म्हणजे नव्या गाडीचं बॉनेट बंद झालं ते उगाच नाही. ती कमी बिघडते, कमी धूर सोडते, जास्त जीव वाचवते.

फक्त बिघडली, की आपण काय करायचं?

याचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी पहाटे मिळालं.

रविवार : पहाटे सहा

दुपारी ऑफिसचा एक कॉल होता, म्हणून पहिली बोट गाठायची ठरवली. अजून पूर्ण काळोख. बटण दाबलं. गाडी सुरू झाली, पण थंडी वाजल्यासारखी थरथरायला लागली. डॅशबोर्डवर इंजिनाचं पिवळं चित्र. तेही लुकलुकणारं.

इथे थोडं थांबून माहिती घ्या. हा दिवा स्थिर असेल, तर गाडी सावकाश नेऊन दाखवता येते. पण लुकलुकत असेल, तर सहसा सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतच नाहीये. ते न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो महागडा भाग जळू शकतो. तेव्हा गाडी तिथेच बंद करायची.

मी बंद केली. हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, रविवार आहे, टो व्हॅन यायला वेळ लागेल, तोपर्यंत मॅम तुम्ही सुरक्षित ठिकाणी थांबा. मी आजोबांच्या घराच्या अंगणात, तुळशीजवळ उभी होते. याहून सुरक्षित ठिकाण मला माहीत नाही.

मग आठवलं. दिवाळीच्या सेलमध्ये मी एक चकती घेतली होती. ओबीडी रीडर. काडेपेटीएवढा असतो. आपल्याकडच्या गाड्यांत बीएस-४ च्या काळात, २०१० नंतर, गाडीनेच आपला बिघाड सांगायची ही सोय आली. स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं, त्यात हा लावायचा, ब्लूटूथने फोनला जोडायचा आणि अॅपवर बिघाडाचा कोड वाचायचा. घेतल्यापासून तो ग्लोव्ह बॉक्समध्ये पॅक होता, माझ्या जिमच्या मेंबरशिपसारखा.

लावला. फोनवर आलं : पी ०३०३. म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर.

बाबा शाल गुंडाळून बाहेर आले होते. "काय म्हणते?"

"तीन नंबरला ठिणगी पडत नसणार."

"असं? स्वतःच सांगते?" त्यांच्या आवाजात चक्क कौतुक होतं. "आम्हाला एकेक प्लगची वायर काढून आवाज ऐकायला लागायचा. उघड."

प्लास्टिकचं झाकण नुसतं खेचून निघालं. या गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतःची कॉइल असते. पट्ट्याच्या बाजूने मोजत गेलो. एक, दोन, तीन. तिसऱ्या कॉइलकडे जाणारी एक वायर अर्ध्यातून तुटलेली, टोकाला बारीक दातांच्या खुणा. आणि इंजिनावर, अगदी मधोमध, कुरतडलेली वालाची शेंग.

पोपटी उंदरांनीही खाल्ली होती! ऊबदार इंजिन, बाहेर थंडी, वाडीतला काळोख. त्यांचाही वीकएंड.

"पहिलं बॅटरीचं मायनस काढ," बाबा म्हणाले. दहा नंबरचा पाना पद्मिनीच्या डब्यातूनच आला. मी मायनस काढलं. मग त्यांनी ब्लेड घेतलं, वायरवरचं प्लास्टिक सोलायला.

आणि तेव्हा मी पाहिलं. ब्लेड थरथरत होतं. बाबांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं, तरी थरथरत होतं. त्यांनी तीनदा प्रयत्न केला. मग काही न बोलता ब्लेड माझ्या तळहातावर ठेवलं.

"तू कर. मी उजेड धरतो."

दिवाळीपासून गाडी का उभी होती, ते मला तेव्हा कळलं. चष्म्याचं कारणही. माझ्या एक्सेलमध्ये फी होती, पार्ट मिळत नाहीत हे होतं, सेफ्टी होती. हा कॉलम नव्हता. गाडी म्हातारी झाली म्हणून बाबा ती टाकत नव्हते. ती त्यांच्या हातातून सुटत होती आणि ते कुणाला कळायच्या आत तिला अंगणातून जाऊ द्यायचं होतं.

मी वायरची दोन्ही टोकं सोलली. ती एकमेकांना पुरेनात. डब्यात पद्मिनीच्या जुन्या हॉर्नच्या वायरचा तुकडा होता, तो मध्ये जोडला. तारा पिळायच्या कशा हे बाबा सांगत होते. आधी समोरासमोर नाही, एकावर एक आडव्या ठेव, मग पीळ. बोटं थंडीने बधिर. तेवढ्यात उजेड कॉइलवरून निघाला आणि पार वायपरवर जाऊन नाचायला लागला.

"बाबा, उजेड इथे! इथे!"

माझ्या तोंडून गेलं आणि मी गप्प झाले. दोन सेकंद कुणीच बोललं नाही. मग बाबा असे हसले, की आई स्वयंपाकघरातून बघायला आली. त्यांनी कोपर बॉनेटच्या कडेला टेकवलं, मोबाइल दोन्ही हातांत धरला आणि उजेड जागेवर आला.

टेप गुंडाळली. मायनस लावलं. बटण दाबलं. गाडी गुपचूप, एकसारखी चालू. अॅपमधून कोड पुसला, दिवा विझला.

मग जुनी की नवी?

पहिली बोट अर्थातच चुकली. कॉल मी पडवीतून घेतला आणि दुपारनंतर आम्ही दोघं रेवदंड्याच्या किनाऱ्यावर जाऊन बसलो. पलीकडे कोरलईचा डोंगर समुद्रात शिरलेला. वाळूत एक म्हातारा कोळी जाळ्याचं फाटलेलं भोक विणत होता, शेजारी त्याचा नातू मोबाइलवर गेम खेळत सुईत दोरा भरून देत होता.

मला वाटायचं, जुनी गाडी सोपी आणि नवी अवघड. ते अर्धंच खरं आहे. पद्मिनी सोपी होती, कारण बाबांना ती पाठ होती. मला तिच्यातलं काही कळत नव्हतं, म्हणजे माझ्यासाठी तीही सीलबंदच. आणि जी गाडी मी सीलबंद समजत होते, ती स्वतःहून बोट दाखवून सांगत होती की तीन नंबरला दुखतंय. विचारायची सवय मला नव्हती.

बाबांना मी सरळ विचारलं, हाताचं डॉक्टरांना दाखवलंत? नव्हतं दाखवलं. पुढच्याच आठवड्यात अलिबागला नेलं. तपासण्या, औषध सुरू आहे. डॉक्टर सांगेपर्यंत स्टिअरिंग त्यांच्याकडे नाही, हे त्यांनी तोंड वाकडं करून मान्य केलंय. माझ्या गाडीचा तो जोड वर्कशॉपमध्ये दाखवला, वायरिंगचा तो भाग त्यांनी रीतसर बदलला. टेपचा जोड हा घरी पोचण्यापुरताच असतो, हे विसरायचं नाही.

आणि पद्मिनी? ती भंगारात गेली नाही. नोंदणीची फी माझ्या खात्यातून गेली. ती आता फक्त चौल, रेवदंडा, नागाव एवढ्यातच फिरते, तीही मी असेन तेव्हाच, ताशी चाळीसच्या आत. हायवेवर अजिबात नाही. महिन्यातून एक शनिवार आमचा ठरलाय. पाइप सगळे नवे घातले. गेल्या खेपेला प्लग काढून साफ केले. पुढच्या खेपेला पॉइंट लावायचे आहेत. बाबांनी सांगून ठेवलंय, "येताना तुझ्या साहेबाचं व्हिजिटिंग कार्ड आण. जाड बघून आण."

कार्ड काढून ठेवलंय. टॉर्चला नवीन सेलही घेतलेत. ती बाबांकडेच असते.

हे तुम्हीही करू शकता

जुनी, कार्ब्युरेटरवाली गाडी : प्लग आणि पॉइंट साफ करणं, फॅन बेल्टचा ताण बघणं, बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुणं, रबरी पाइप तपासणं. इंजिन गार असू द्या, जवळपास विडी-सिगरेट नको.

नवी गाडी : एअर फिल्टर, एसीचा फिल्टर, वायपरचं रबर, फ्यूज, किल्लीतला सेल आणि टायरमधली हवा. यातलं बरंचसं पान्याशिवाय होतं. पद्धत गाडीच्या पुस्तकात दिलेली असते, ते एकदा प्लास्टिकमधून बाहेर काढा. ओबीडी रीडर जवळ असू द्या. कोड म्हणजे निदान नाही, कुठे बघायचं याचा तो पत्ता आहे.

हात लावू नका : पिवळ्या कनेक्टरच्या वायरी म्हणजे एअरबॅग. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबल म्हणजे जिवावर बेतेल असा करंट. ब्रेकचं काम जाणकारानेच करायचं.

चौलला जाणार असाल : रामेश्वर, भोवाळ्याच्या डोंगरावरचं दत्ताचं देऊळ आणि रेवदंड्याचा किल्ला एका दिवसात होतो. डोंगराला शेकडो पायऱ्या आहेत, सकाळी लवकर चढा. रात्री राहणार असाल, तर सकाळी निघण्यापूर्वी बॉनेट एकदा उघडून बघा. विशेषतः आदल्या रात्री पोपटी झाली असेल तर!